हिंगोलीला धरणं शिकवायला गेले होते

हिंगोली जिल्ह्याचा बराचसा भाग मी माणसांच्या खांद्यांच्या उंचीवरून पाहिला. हे आधीच सांगून टाकते, कारण 'आम्हाला उचलू नका, आम्हाला रस्ता द्या' ही घोषणा पुण्यात माझ्या नावावर आहे. लहानपणी पोलिओ झाला, पाय गेले, आवाज मात्र शिल्लक राहिला. त्या आवाजाच्या भरवशावर मी जन्म अपंगांच्या चळवळीत काढला. कुठल्याही प्रश्नावर माझ्याकडे एकच औषध असतं. रॅम्प नाही? धरणं. बस थांबत नाही? धरणं. आमच्या सोसायटीत एकदा पाणी आलं नाही, तेव्हाही मी जिन्याखाली ठिय्या दिला होता. पाणी आल्याचं मला कोणी सांगितलं नाही, म्हणून इतरांच्या अंघोळी होईपर्यंत मी तिथेच बसून होते.

सिंधूचा फोन आला तो अशाच एका प्रश्नासाठी. ती आखाडा बाळापूरची, कळमनुरी तालुक्यातल्या मोठ्या गावातली. माझा नंबर तिला कोणाकडून तरी मिळाला होता. तिच्या जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात (कुठल्या, ते सांगत नाही, तिथल्या लोकांशी आता माझे संबंध बरे आहेत) दर महिन्याला अपंगांच्या पेन्शनची आणि सवलतींची प्रकरणं ऐकतात, आणि ती ऐकतात वरच्या मजल्यावर. कोणी बुडावर सरकत जिना चढतं, कोणाला पाठुंगळी नेतात, आणि ज्याला यातलं काहीच जमत नाही त्याला 'अर्जदार स्वतः हजर नाही' असं ऐकावं लागतं. काय करावं, असं तिनं विचारलं. मी अर्थातच धरणं म्हटलं. ती जरा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "या मग." ती गप्प राहिली ते माझ्याबद्दलच्या आदरानं, असं मी समजले.

आखाडा बाळापूर

हिंगोली स्टेशनवर रामराव घ्यायला आले होते. ते गोरेगावचे शेतकरी. मळणीयंत्रात त्यांचा डावा हात कोपरापासून गेला, त्याला बरीच वर्षं झाली. माझी नवी बॅटरीवरची खुर्ची पाहून त्यांनी तिला एक फेरी मारली, बैल पारखावा तशी, आणि वजन विचारलं. मी सांगितलं. त्यांनी स्टेशनबाहेरची माणसं गोळा केली. आधी खुर्ची पिकअपमध्ये चढली, अगदी जपून. मग मला पुढच्या सीटवर बसवलं, त्या मानानं जरा घाईत. पुण्याहून पाठ करून आणलेली घोषणा मी गिळली.

होळीच्या आधीचे दिवस होते. हळद काढून झाली होती आणि गावोगाव ती शिजवणं चाललं होतं. शिजलेल्या हळदीचा वास असा असतो हे मला माहीत नव्हतं. माझ्या लेखी हळद म्हणजे फोडणीतली चिमूट. इथे तो वास ओला, मातकट, जरा औषधी होता आणि रस्ताभर गाडीच्या आत येऊन बसला होता. दोन्ही बाजूंना काळी शेतं, गव्हाचे पिवळसर पट्टे, आणि मोकळ्या जागी वाळत घातलेली हळद. मी रामरावांना सौंदर्याबद्दल काहीतरी म्हणाले. ते म्हणाले, औंदा कंद बारीक निघाला.

सिंधूबद्दल माझी एक कल्पना होती. फोनवरचा तिचा ठाम, जरा हुकमी आवाज ऐकून मला वाटलं होतं, ही मोर्चाच्या पुढे शोभेल. शेजारच्या दुकानातल्या माणसांनी मला खुर्चीसकट दोन पायऱ्या चढवलं, तेव्हा ती खिडकीशी खाटेवर आडवी होती. तिशीतली, लांब वेणी, कानात इयरफोन, फोन तारेच्या स्टँडवर डोळ्यांसमोर टांगलेला. कॉलेजात असताना ती गच्चीवरून पडली, तेव्हापासून अशी. थोडा वेळ टेकून बसता येतं, मग पाठ पेटते. माझ्याकडे पाहून तिनं मान हलवली आणि फोनवर कोणाला तरी झटक्याच्या गोळ्या संपायच्या आधी आणायला सांगत राहिली.

तिचा फोन संपल्यावर मी विचारलं, धरण्याला कशी येणार. ती म्हणाली, येणार नाही. गाडीत तेवढं अंतर बसलं तर नंतर आठवडाभर तापानं फणफणते. यावर मी जे बोलले ते आता लिहितानाही कान गरम होतात. मी म्हणाले, चळवळीत सगळेच दुखणं घेऊन येतात. तिची आई चुलीपाशी भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला.

सिंधू शांतपणे म्हणाली, "ताई, तुमच्या आंदोलनात उन्हात बसू शकनाऱ्यांचीच भरती करतात का?"

मी आमटीचं कौतुक केलं. आमटी अजून वाढलेली नव्हती.

जेवताना कळलं की ती काय करते. दिवसभर तिचे फोन चालतात. अंथरुणाला खिळलेली माणसं, मतिमंद मुलांच्या आया, घराबाहेर न पडलेले तरुण, सगळ्यांशी. गेले काही महिने तिनं एक क्रम लावला होता. रोज सकाळी कोणीतरी एकानं त्या कार्यालयाला फोन करायचा आणि एकच विचारायचं, "साहेब, मला चालता येत न्हाई, मी वर कसा येऊ?" भांडायचं नाही, आवाज चढवायचा नाही. तिकडून उत्तर मिळे, कोणाला तरी सोबत आणा. दुसऱ्या दिवशी दुसरा फोन करी.

मी म्हणाले, याला आंदोलन म्हणत नाहीत, याला चौकशी म्हणतात. ती म्हणाली, धरणं म्हणजे एका दिवसाचा फोटो. फोटो निघाला की तुमी पुण्याला आन आमी हितंच. त्यानंतर आम्ही दोघी रागारागानं जेवलो. राग असूनही ज्वारीची गरम भाकरी, येसराची (भाजलेल्या धान्याच्या मसाल्याची) आमटी, शेंगदाण्याची चटणी आणि फोडलेला कांदा मी पुरेसं खाल्लं. पुण्यात पाहुण्याला 'अजून वाढू का' असं विचारतात आणि पाहुणा नको म्हणतो. इथे सिंधूच्या आईनं विचारलंच नाही, ताटात भाकरी पडतच राहिली. त्यामुळे जेवण संपवून सात्त्विक संतापानं उठण्याचा माझा बेत दोनदा पुढे ढकलावा लागला.

गोरेगाव

दुसऱ्या दिवशी रामरावांच्या घरी माझं प्रशिक्षण शिबिर होतं. गोरेगाव सेनगाव तालुक्यात, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. बाजाराचं गाव, जीपगाड्यांची गर्दी. रामरावांच्या खळ्यात मोठ्या लोखंडी काहिलीत हळद शिजत होती आणि बाया ती टोपल्यांनी नेऊन पसरत होत्या. मी निंबाखाली माझी शिस्त समजावून सांगत होते. एकदा बसलं की उठायचं नाही. एकट्यानं अधिकाऱ्याशी बोलायचं नाही. घोषणा एकानं द्यायची, म्हणजे मी.

एका बाईनं विचारलं, लघवीला लागली तर. मी म्हणाले, त्या दिवशी सकाळपासून पाणी कमी प्यायचं. बायांनी एकमेकींकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मी निर्धार असा लावला.

तिथे शोभाची ओळख झाली. तिच्या कडेवर पल्लवी होती, नऊ-दहा वर्षांची मुलगी. तिची मान धरत नाही, हातपाय ताठ होतात, बोलता येत नाही; हसते मात्र भरपूर. एवढी मोठी मुलगी कडेवर घ्यायची म्हणजे आईला सगळं अंग एका बाजूला कलवावं लागतं. मी शोभाला विचारलं, चळवळीत तुझं काय काम असतं.

"काईच न्हाई," ती म्हणाली. "मी हिला घेऊन फिरती. बाजारात, लग्नात, शाळेत झेंड्याला."

रामरावांनी पुस्ती जोडली, की पहिल्यांदा लग्नात लोक शोभाला म्हणायचे, लेकरू घरी ठेवून यायचं. आता पल्लवी दिसली नाही तर विचारतात, काहून आणलं नाही. मला हे ऐकून बरं वाटलं, पण चळवळीच्या हिशेबात ते कुठे बसवावं ते समजलं नाही. शिवाय शोभा धरण्याला बसणार नव्हती. ऊन लागलं की पल्लवीला झटके येतात. धरण्याच्या दिवशीच पल्लवीचं प्रकरण सुनावणीला होतं, तेवढ्यापुरती ती जीपनं येणार होती. मी मनातल्या मनात तिला बाजूला ठेवलं आणि त्यागाबद्दल दोन वाक्यं बोलले.

त्यागावर बोलून झाल्यावर मी स्वावलंबनाचं प्रात्यक्षिक दाखवायचं ठरवलं. मदतीशिवाय खळं ओलांडून दाखवते म्हणाले आणि खुर्चीची दांडी पुढे ढकलली. पुण्याच्या फुटपाथवर तयार झालेल्या माझ्या नजरेला काळी भुसभुशीत माती आणि घट्ट जमीन यांतला फरक कळला नाही. पुढची चाकं मातीत रुतली. मी जोर वाढवला. खुर्ची एकदम सुटली, वळली आणि वाळत घातलेल्या हळदीत जाऊन थांबली. तिथे मागची चाकं गरागरा फिरली आणि शिजलेली हळद माझ्या अंगावर, डोक्यावर, चष्म्यावर उडाली.

कोणी हसलं नाही. सगळ्या बाया तोंडाला पदर लावून जमिनीकडे बघत होत्या. शेवटी रामरावांच्या म्हाताऱ्या आई जवळ आल्या, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाल्या, "बाई, हळद तर लागली. नवरा कोन्ता हाय?"

मी पन्नाशी ओलांडलेली, बिनलग्नाची बाई. मग मात्र सगळे हसले, मीही हसले, आणि पल्लवी सगळ्यांत जोरात हसली. चौघांनी मला उचलून बाहेर काढलं. घोषणा देण्याची परिस्थिती नव्हती.

खुर्ची धुतली, चार्जिंगला लावली, आणि वीज गेली. ती सकाळपर्यंत आली नाही.

एक तालुक्याचं गाव

म्हणून मी धरण्याला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून गेले. खाली रिकामी पोती, शेजारी दोरीनं बांधलेली मेलेली खुर्ची, भोवती काठ्या-कुबड्या घेतलेली माणसं. प्रत्येक खड्डा माझ्या मणक्यातून वर चढत होता. तरी गावात शिरताना मी हात हलवून अभिवादन केलं. एका चहावाल्यानं परत हात हलवला. त्याला वाटलं, चहा मागते आहे.

कार्यालयाचा जिना समोरच होता. मला उचलून त्याच्या पायथ्याशी खुर्चीत बसवलं. बॅटरी संपलेली. जागेवरून न हलण्याची माझी प्रतिज्ञा आयुष्यात पहिल्यांदा शंभर टक्के खरी होती. घोषणा सुरू झाल्या. रामरावांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा निघाला, त्याकडे मी मोठ्या मनानं दुर्लक्ष केलं. वरच्या कठड्याशी एक कारकून आले, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत होते. मोठे साहेब दौऱ्यावर आहेत, आज प्रकरणं मीच ऐकतोय, एवढं सांगून ते आत गेले. ज्यांना जिना चढता येत होता ते आमच्यामधून वाट काढत, 'जरा सरका' म्हणत वर जाऊन आपलं काम करून येत होते. आणि आम्ही सरकत होतो.

ऊन चढलं. घोषणांमधली अंतरं वाढली. बायांनी माझं ऐकून खरोखरच सकाळपासून पाणी घेतलं नव्हतं. मागच्या संडासाची किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई साहेबांबरोबर दौऱ्यावर. एक म्हातारे बाबा बसल्या जागी डोलायला लागले आणि शेजारच्याच्या अंगावर कलंडले. त्यांच्या तोंडावर पाणी मारलं. मी म्हणाले, थोडा धीर धरा, आता सरकारला जाग येईल.

तेवढ्यात सिंधूचा फोन आला. बाबांबद्दल तिला कोणीतरी कळवलं होतं. लोकांना सावलीत पाठवा, असं तिनं सांगितलं. मी म्हणाले, आता लोक उठले तर धरणं मोडेल.

"मोडू द्या," ती म्हणाली. "परवा म्हातारा जिता असला तर पुन्ना बसल. न्हाई तर कुनासाठी बसला तुमी?"

मी फोन बंद केला. मला राग आला होता, आणि रागाबरोबर आणखी काहीतरी होतं, ज्याच्याकडे बघायची तेव्हा तयारी नव्हती. रामरावांनी सगळं ऐकलं होतं. ते त्या बाबांना एका हातानं उठवायला लागले. मग मीच सांगितलं, ज्यांना त्रास होतोय त्यांनी समोरच्या हॉटेलच्या छपराखाली जा, पाणी प्या. बघता बघता जवळजवळ सगळे गेले. जिन्यापाशी मी राहिले, कारण मला जाता येत नव्हतं, आणि आणखी पाच-सहा जण. ज्या धरण्यासाठी मी एवढ्या लांब आले ते एका दुपारीत विरघळलेलं मी पाहिलं. पुण्यात हे कसं सांगायचं याची वाक्यं मी जुळवायला लागले.

मग वर फोन वाजला.

वाजला, उचलला, ठेवला. पुन्हा वाजला. पुन्हा ठेवला, पुन्हा वाजला. मग दुसरा फोन वाजला, भाऊसाहेबांच्या खिशातला. खाली आम्हाला त्यांची अर्धी वाक्यं ऐकू येत होती. कोनाला तरी सोबत आना. व्हय, वरच्याच मजल्यावर. अहो मी काय करू. थोड्या वेळानं तेही बंद झालं, नुसती घंटी राहिली. सिंधूनं आपली सगळी माणसं एकदम सोडली होती. जे खाटेवर होते, जे मुलांना सोडून येऊ शकत नव्हते, ज्यांना ऊन सोसत नव्हतं, ते सगळे आपापल्या घरातून एकच प्रश्न विचारत होते. ज्यांना बोलता येत नव्हतं ते तो लिहून पाठवत होते.

भाऊसाहेब कठड्याशी आले. घामेजले होते. "म्याडम, ते फोन बंद करायला सांगा."

मी खरं तेच सांगितलं, फोन माझ्या हातात नाहीत, ते बाळापूरच्या सिंधूकडे आहेत. ते आत गेले. नंतर कळलं, त्यांनी सिंधूला फोन लावून जिन्यावरची माणसं उठवायला सांगितलं. ती म्हणाली, जिना माझ्याकडे न्हाई, तो पुण्याच्या म्याडमकडे हाय. हेही खरंच होतं. आम्ही दोघी एकमेकींशी बोलत नव्हतो. भाऊसाहेबांना ही आमची पक्की योजना वाटली, आणि नंतर आम्हीही त्यांचा तो समज दूर केला नाही.

याच वेळी शोभा जीपमधून उतरली. डोक्यावर ओला टॉवेल घातलेली पल्लवी कडेवर, खांद्याला पिशवी. तिचा नंबर पुकारलाच होता. भाऊसाहेब वरून म्हणाले, लेकराला वर घेऊन या.

शोभानं जिन्याकडे पाहिलं. याआधी दर वेळी ती पल्लवीला घेऊन हा जिना चढली होती. पण पल्लवी दर वर्षी वाढत होती. शोभा खालच्या पायरीवर बसली, मुलीला मांडीवर आडवं घेतलं आणि म्हणाली, "हिचा नंबर आलाय ना? ही आली. आमी हितंच हाओत."

तिनं पिशवीतून डबा काढला आणि पल्लवीला दहीभात भरवायला लागली. पल्लवीला भरवणं सोपं नसतं. लहान घास, मग मान धरायची, मग ती गिळेपर्यंत वाट पाहायची. कधी घास परत बाहेर येतो, तो पुसायचा, पुन्हा द्यायचा. हॉटेलच्या छपराखालची माणसं एकेक करून जवळ येऊन उभी राहिली. माझ्या जिभेवर घोषणा तयार होती. ती मी दिली नाही, कारण पल्लवी दचकली असती आणि तिच्या घशात घास होता. आम्ही सगळे तिच्या गिळण्याची वाट पाहत होतो. भाऊसाहेबही. वर फोन वाजतच होता.

ते एक पायरी उतरले. मग वर गेले आणि साहेबांना फोन लावला. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. मग जिन्याच्या तोंडाशी टेबल दिसलं. शिपाई नव्हता, म्हणून एका बाजूनं भाऊसाहेब आणि दुसऱ्या बाजूनं, धावत वर गेलेले रामराव, एका हातानं. दोघे पायरी पायरीनं ते लाकडी टेबल खाली आणत होते आणि खालून सगळे सूचना देत होते. टेबल ठेवायला जागा हवी होती. त्या जागी मी होते. मला उचलून बाजूला ठेवण्यात आलं.

"आजच्यापुरतं हां," भाऊसाहेब म्हणाले आणि पहिलं नाव पल्लवीचं घेतलं.

संध्याकाळपर्यंत सगळ्यांची प्रकरणं खाली ऐकली गेली. माझ्याकडे कोणी पाहिलं नाही. म्हातारे बाबा तेवढे येऊन माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, धरणं चांगलं झालं, चहाबी मिळाला.

औंढा नागनाथ

औंढ्याला गेल्याशिवाय सोडणार नाही, असं रामरावांच्या आईंनी बजावलं होतं. देवळाच्या बाहेरच्या भिंतींवरचं कोरीवकाम बघत मी बराच वेळ काढला. हत्ती, माणसं, देवता, सगळे दगडात आणि कोणालाही घाई नाही. आतलं शिवलिंग मात्र जमिनीखाली, अरुंद पायऱ्या उतरून. तिथल्या दोघा-तिघांनी मला खाली न्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. या वेळी तत्त्वासाठी नाही, पाठ दुखत होती म्हणून. रामराव दर्शन घेऊन आले, प्रसाद दिला आणि विचारात पडून म्हणाले, "साहेब वर बसला म्हनून आपन भांडलो. देव खाली बसलाय, तर त्याच्याकडंबी जाता येत न्हाई. आता हे कोनाला सांगावं?"

पुन्हा आखाडा बाळापूर

निघायच्या आधी सिंधूकडे गेले. आम्ही दोघी जरा अवघडलेल्या होतो. तिच्या आईनं दोघींमध्ये चहा आणून ठेवला आणि निघून गेली. मी सिंधूला म्हणाले, तुझ्या फोनांमुळे जमलं. ती म्हणाली, फोन तर महिन्यांपासून चालू होते, जिन्यात माणसं होती म्हणून जमलं. थोडा वेळ आम्ही एकमेकींना असं श्रेय देत बसलो. ते दोघींनाही फार जमत नव्हतं.

मग ती म्हणाली, सगळं सांगा. मी भाषणासारखं सांगायला लागले, तर तिनं थांबवलं. तिला तसं नको होतं. जिना किती रुंद आहे, शोभा कोणतं लुगडं नेसली होती, फोन वाजला तेव्हा लोक काय करत होते, टेबल उतरवताना कुठे आपटलं का, भाऊसाहेब दिसायला कसे आहेत. त्यांच्याशी ती इतक्या वेळा बोलली होती आणि त्यांना टक्कल आहे हे तिला माहीत नव्हतं. ती छताकडे बघत ऐकत होती, मधूनच डोळे मिटत होती.

"मला तिथं असायचं होतं हो," ती म्हणाली. "धरण्याला मी फोटो म्हनते, ते काई खरं न्हाई. पाठ सोसत न्हाई म्हनून मी फोन धरला."

मी तिला सांगितलं, मला फोन जमत नाही. घोषणा देणं सोपं असतं. समोरून कोणी रडत असेल तर ते ऐकू येत नाही. एकटी बाई पलीकडे हुंदके देत असताना फोन कानाला धरून ठेवायचा, हे माझ्यानं कधी झालं नाही. मी कुठलं तरी कारण काढून तो दुसऱ्याला देते.

ती मान वळवून माझ्याकडे पाहू लागली. "शिकवते," म्हणाली. धरणं शिकवायला आलेल्या मला तिनं शिष्य करून घेतलं, आणि मी हो म्हटलं.

पुणे

ट्रॉलीनं आपलं काम केलं होतं. पुण्यात आल्यावर पाठ धरली ती अशी की डॉक्टरांनी काही आठवडे आडवं पडून राहायला सांगितलं. बसायचंही नाही. धरणं तर दूरच. मी छताकडे बघत पडून राहिले. आमच्या छतावर पाहण्यासारखं फारसं काही नाही.

पुढच्या सुनावणीचा दिवस आला. शोभा आणि रामराव तिथे जाणार होते. आदल्या दिवशी सिंधूनं मला सांगितलं, उद्या पहिला फोन तुमचा. मी रात्रभर वाक्यं जुळवली. आवाज चढवायचा नाही, असं तिनं तीनदा बजावलं होतं.

सकाळी नंबर लावला. बराच वेळ वाजला. भाऊसाहेबांनी उचलला. मी म्हणाले, मला चालता येत नाही, मी वर कशी येऊ.

पलीकडून प्रश्न आला, "खुर्चीवाल्या म्याडम का?"

मी हो म्हटलं.

टेबल खालीच मांडलंय, त्यांनी सांगितलं. फोनची वायरबी खाली ओढून घेतली. साहेबांनी अजून लेखी काही दिलेलं नाही, पण वर ठेवलं तर दिवसभर फोन चालतात, त्यापेक्षा हे बरं. शोभाबाई येऊन बसल्यात, लेकरू हसून राहिलंय. मग जरा आवाज उतरवून ते म्हणाले, वरी पंखा होता, इथं नाही, लई उकडून राहिलं, तकलीफ होते.

माझ्यातली आंदोलक एकदम उठून बसली. म्हणजे मनात, प्रत्यक्षात मला उठता येत नव्हतं. मी म्हणाले, पंख्याची मागणी करा, आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत.

भाऊसाहेबांना ते हसण्यासारखं वाटलं नाही. त्यांनी विचार केला आणि विचारलं, "पन म्याडम, धरन्याला कोन बसल?"

मी पाठीखालची उशी नीट केली आणि म्हणाले, "तुम्ही साहेबांचा नंबर द्या. मी फोन करते."